गोठलेल्या पँगाँगचा काठ: कुठे थांबायचं, काय बघायचं, कुठे पाय टाकायचा नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात नाशिकहून चौघं निघणार: नवरा-बायको, ९ वर्षांची मुलगी आणि ६४ वर्षांचे बाबा, ज्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. हातात ५ दिवस. लडाखमधला गोठलेला पँगाँग तलाव बघायचाय, काठावर तंबूत एक रात्र काढायचीय आणि जमलं तर बर्फावर चालायचंय. हे झेपेल का, आणि काठावर दिवसभर करायचं काय?

आधी उत्तर, मग कारणं. पाच दिवसांत नको, सात करा. मुक्काम तलावाच्या काठावर नको, अलीकडच्या तांगत्से गावात करा आणि तिथून दोन दिवस लागोपाठ सकाळी काठावर जा. बर्फावर चालायचं ठरवून जाऊ नका. मी हिवाळ्यात लडाखला गट घेऊन जाते, आणि थंडीतल्या पँगाँगबद्दल माझं मत ठाम आहे: जो काठावर चार तास निवांत रेंगाळतो त्याला तलाव दिसतो, आणि जो गाडीतून उतरून थेट बर्फावर धावतो त्याला फोटो मिळतो.

सात दिवस का, ते बघू. हिवाळ्यात मनालीकडून आणि श्रीनगरकडून येणाऱ्या रस्त्यांचा भरवसा नसतो, म्हणून तुम्ही विमानानेच येणार. म्हणजे सकाळी समुद्रसपाटीजवळून निघून काही तासांत थेट साडेतीन हजार मीटरवर. लेहमध्ये हवेचा दाब कमी असल्याने प्रत्येक श्वासात समुद्रकाठच्या तुलनेत जेमतेम दोन-तृतीयांश प्राणवायू मिळतो. पँगाँग आहे सव्वाचार हजार मीटरच्या आसपास, तिथे तो साठ टक्क्यांवर येतो. वाटेतला चांग ला घाट सुमारे ५,३६० मीटर, तिथे जवळपास निम्मा. शरीराला याची सवय व्हायला लेहमध्ये पूर्ण दोन दिवस हवेत. पहिला दिवस अक्षरशः पडून राहायचा, दुसऱ्या दिवशी बाजारात हळूहळू फेरी. चढावरच्या शांती स्तूपाच्या पायऱ्या पहिल्या दिवशी कुणीही चढू नयेत, मुलीने तर नाहीच. मुलं दमली की सांगत नाहीत, चिडचिड करतात, आणि आपल्याला वाटतं प्रवासाने कंटाळली. शेवटी एक दिवस विमान रद्द होण्यासाठी राखून ठेवायचा. लेहची विमानं सकाळच्या वेळात उडतात आणि हवा बिघडली की सरळ दुसऱ्या दिवसावर जातात. असे धरले की सात होतात.

आता काठावरच्या मुक्कामाबद्दल. सगळीकडे एकच सल्ला ऐकाल: त्रास झाला तर लगेच खाली उतरा. सल्ला बरोबर आहे, पण पँगाँगला तो पाळायचा कसा हे कुणी सांगत नाही. लेह खाली आहे खरं, पण मध्ये चांग ला उभा आहे. म्हणजे रात्री दोन वाजता बाबांना धाप लागली तर त्यांना ‘खाली’ नेण्यासाठी आधी अकराशे मीटर वर न्यावं लागेल, काळोखात, गोठलेल्या रस्त्यावरून, आणि तोही घाट त्या वेळी उघडा असेल तर. तांगत्सेच्या अलीकडच्या दुरबुक गावाहून श्योक नदीच्या काठाने नुब्रा खोऱ्याकडे जाणारा रस्ता घाटाशिवायचा आहे, पण हिवाळ्यात रात्री त्याच्यावर विसंबून मी कुणाच्या वडिलांना काठावर झोपवणार नाही. तांगत्से तलावापेक्षा साधारण तीनशे मीटर खाली आहे, गाडीने तास-सव्वा तासावर, आणि तिथे आरोग्य केंद्र आहे. तीनशे मीटर ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण झोपण्याची उंची दिवसभर फिरण्याच्या उंचीपेक्षा कमी असली की रात्र बरीच सुसह्य जाते.

तंबूचं म्हणाल तर उन्हाळ्यात स्पांगमिकला दिसणाऱ्या त्या तंबूंच्या रांगा हिवाळ्यात नसतात. स्पांगमिक, मान आणि मेरक या गावांत काही घरं पाहुणे ठेवतात. रात्री पारा उणे वीसच्या खाली जाणं तिथे नेहमीचंच. नळ गोठलेले असतात, पाणी बादलीतून मिळतं, संडास लडाखी पद्धतीचा कोरडा. पाहुणचार उत्तम, गैरसोय भरपूर. तुम्ही दोघंच असता तर मीच म्हटलं असतं, मेरकला राहा आणि रात्रीचं आभाळ बघा.

राहाल तिथे एक गोष्ट मात्र तपासा. खोलीतली बुखारी, म्हणजे खोली गरम करायची लोखंडी शेगडी, धुराड्याची असेल तर ठीक. गॅसचा हीटर किंवा कोळशाची शेगडी दार-खिडक्या बंद करून रात्रभर पेटती ठेवायची नाही, मग कितीही थंडी असो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याने दुखणारं डोकं उंचीमुळे दुखतंय असंच वाटतं. झोपताना शेगडी बंद, गरम पाण्याच्या बाटल्या पांघरुणात, आणि खिडकीची फट उघडी.

लेहहून पँगाँग दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर, हिवाळ्यात पाच ते सहा तास. कारू, सक्ती, झिंगरल, चांग ला, मग उतरून दुरबुक आणि तांगत्से. घाट सकाळी ओलांडायचा, दुपारनंतर वर वारा सुटतो आणि भुरभुरता बर्फ रस्त्यावर येतो. बीआरओ (सीमाभागातले रस्ते सांभाळणारी सरकारी संस्था) रस्ता मोकळा करेल तेव्हाच गाड्या सुटतात, त्यामुळे ड्रायव्हर ‘आज नको’ म्हणाला तर वाद घालू नका. घाटावर दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही, चहासाठीसुद्धा. गाडी स्थानिकच घ्या. साखळ्या, फावडं आणि कडाक्यातही न गोठणारं डिझेल यांची सवय त्यांना असते. असं खास डिझेल इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. त्याआधी सकाळी गाडीखाली आग पेटवून टाकी गरम करणं ही तिकडची नित्याची गोष्ट होती. नोंदणी आणि पर्यावरण शुल्काचे नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, तेव्हा लेहमधून निघण्याआधी हॉटेलवाल्याकडून करून घ्या. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमकार्डं लडाखमध्ये चालत नाहीत, कुणातरी एकाकडे पोस्टपेड हवं.

तांगत्सेच्या पुढे लागलात की डोळे उघडे ठेवा, कारण तलावाची गोष्ट तिथूनच सुरू होते. मुगलिबवरून तलावाच्या टोकाशी असलेल्या लुकुंगकडे जाणारा रस्ता ज्या रुंद, सपाट दरीतून जातो तिथूनच कधीकाळी पँगाँगचं पाणी श्योक नदीला मिळत होतं. पुढे ती वाट बंद झाली. आता तलावाला बाहेर पडायला जागाच नाही, पाणी फक्त वाफ होऊन जातं आणि क्षार मागे राहतात. म्हणून पाणी मचूळ. सुमारे १३४ किलोमीटर लांबीच्या या तलावाचं आपल्याकडचं पश्चिम टोक जास्त खारं आहे, तिबेटमधला पूर्वेकडचा भाग बराच गोडा. लुकुंगच्या आसपासच्या उतारांवर आडव्या समांतर रेघा दिसतील. त्या जुन्या काठांच्या खुणा आहेत. पाणी जसजसं खाली गेलं तसतशी एकेक रेघ मागे राहिली. उन्हाळ्यात या रेघा फारशा कुणाच्या लक्षात येत नाहीत, कारण सगळ्यांची नजर पाण्यावर असते. हिवाळ्यात सकाळचं तिरपं ऊन पडलं की त्या स्पष्ट उठून येतात. मुलीला मोजायला सांगा, तिचा अर्धा तास छान जाईल.

अपेक्षेबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर हिरमोड होतो. लडाख पर्जन्यछायेत आहे, लेहला वर्षभरात मिळून जेमतेम शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस-बर्फ पडतो. त्यामुळे चहूकडे पांढरेशुभ्र डोंगर असतीलच असं नाही. बऱ्याचदा डोंगर तपकिरी, माथ्यावर थोडं पांढरं, आणि मध्ये राखाडी-पांढरा तलाव असं दृश्य असतं. तो प्रसिद्ध निळा रंग हवा असेल तर जून ते सप्टेंबर या. हिवाळ्यातला रंग वेगळा आहे आणि तो लांबून दिसत नाही, त्यासाठी काठाशी ओणवं व्हावं लागतं.

जिथे वाऱ्याने वरचा भुरभुरा बर्फ उडवून नेलाय अशी जागा शोधा. तिथला बर्फ काचेसारखा पारदर्शक असतो, काठाजवळ तळातले गोटे दिसतात. आत पांढऱ्या भेगा दिसतील. वरून बघितल्या तर नुसत्या रेषा, पण डोकं जरा कलतं करून बाजूने बघा: प्रत्येक रेष म्हणजे खाली उतरत गेलेला उभा पडदा आहे, आणि तो किती खाली संपतो त्यावरून बर्फाच्या जाडीचा अंदाज येतो. ऊन त्या पडद्यांवर पडलं की कडांना हिरवट निळी झाक येते. काही ठिकाणी वाऱ्याच्या आणि प्रसरणाच्या रेट्याने बर्फाच्या लाद्या एकमेकींवर चढून काठावर ढीग झालेला असतो, कधी गुडघ्याएवढा, कधी कमरेएवढा. पातळ लाद्यांचा ढीग वाऱ्यात किणकिणतो. त्यावर चढू नका, आत पोकळी असते आणि कडा धारदार असतात.

आणि आवाज. हिवाळ्यात पँगाँगला जायचं माझ्या मते हेच सगळ्यात मोठं कारण आहे. सकाळी ऊन बर्फावर आलं की बर्फ प्रसरण पावतो, संध्याकाळी पारा घसरला की आकसतो, आणि दोन्ही वेळा तडे जातात. तडा जवळ गेला तर बंदुकीसारखा ‘ठाक्’. लांब गेला तर मात्र ‘प्यूंऽऽ’ असा वरून खाली घसरत येणारा सूर ऐकू येतो, जो तलावातून येतोय यावर पहिल्यांदा कुणाचाच विश्वास बसत नाही. कारण सोपं आहे: बर्फाच्या पातळ थरातून उंच पट्टीची कंपनं वेगाने धावतात, खालच्या पट्टीची सावकाश. जितका तडा लांब, तितकं दोघांतलं अंतर वाढतं आणि सूर जास्त लांबत जातो. मोटारींचा आणि माणसांचा आवाज नसेल अशा ठिकाणी गेलात तरच हे नीट ऐकू येतं. म्हणून लुकुंगला गर्दीच्या ठिकाणी थांबू नका, स्पांगमिक मागे टाका आणि मानच्या पुढे गोट्यांचा रुंद काठ लागतो तिथे गाडी उभी करून इंजिन बंद करायला सांगा. पाठीला टेकायला दगड, मांडीखाली जाड चटई, थर्मासात चहा. वारा सकाळी बहुतेक पडलेला असतो. नऊ-साडेनऊ ते साडेबारा हा वेळ काठासाठी ठेवा, वारा उठला की गाडीत बसा.

पक्षी-प्राणी हिवाळ्यात कमी. पाणपक्षी निघून गेलेले असतात, मार्मोट (खारीच्या कुळातले गुबगुबीत प्राणी) जमिनीखाली झोपलेले. पण डोमकावळे, पिवळ्या चोचीचे चफ (कावळ्याच्या कुळातले पक्षी), नशीब असेल तर उतारावर निळी मेंढी म्हणजे भरल दिसते, तांगत्सेच्या पुढच्या दरीत कधीकधी कियांग म्हणजे रानगाढवंही. त्यांच्यामागे गाडी पळवू द्यायची नाही. कडाक्याच्या दिवसांत त्यांना पळवणं म्हणजे त्यांची साठवलेली चरबी फुकट जाळणं.

आता बर्फावर चालण्याचं. २० फेब्रुवारी २०२३ ला लुकुंग ते मान अशी २१ किलोमीटरची शर्यत याच गोठलेल्या तलावावर झाली, तिची गिनीज बुकात नोंद आहे. ते व्हिडिओ बघून सगळे विचारतात, ते पळाले तर आम्ही चाललो तर काय बिघडलं? फरक असा की तिथे आधी बर्फाची तपासणी झाली होती, मार्ग ठरवून दिला होता आणि वाटेवर मदतीला माणसं होती. तुमच्याकडे यातलं काही नाही. दहा सेंटीमीटर जाडीचा घट्ट, पारदर्शक बर्फ एका माणसाला पेलतो असा सर्वसाधारण नियम आहे, पण तो गोड्या पाण्याच्या बर्फाचा. खाऱ्या पाण्याच्या बर्फात क्षाराच्या द्रावाचे कप्पे राहतात, त्यामुळे त्याच जाडीचा बर्फ कमजोर असतो. शिवाय जाडी सगळीकडे सारखी नसते. लुकुंगला आणि स्पांगमिकला ओढे तलावात येतात, त्यांच्या मुखाशी बर्फ फसवा. काठावरचे मोठे काळे दगड ऊन शोषतात, त्यांच्याभोवती तो पातळ. लाद्यांचे ढीग जिथे आहेत तिथे खाली उघडं पाणी असू शकतं. फेब्रुवारी सरला की बर्फ जाड दिसतो, पण आतून उभ्या कांड्यांमध्ये सुटा होत गेलेला असतो.

मानच्या किंवा मेरकच्या एखाद्या रहिवाशाने ‘इथून इथपर्यंत’ असं सांगितलं आणि तो स्वतः पुढे चालला, तर त्याच्या मागोमाग, एकमेकांत अंतर ठेवून, बुटांना मायक्रोस्पाइक्स (तळाला अडकवायचे खिळे) लावून काठाजवळच वीस-पंचवीस पावलं टाकायला माझी हरकत नाही. मुलीला अशा ठिकाणी न्या जिथे खाली घोट्याएवढंच पाणी असल्याचं तळ दिसून कळतंय. ड्रायव्हर गाडी बर्फावर घालतो म्हणाला तर सगळे खाली उतरा. कुणी आत पडलंच तर धावत जवळ जायचं नाही, पोटावर आडवं होऊन ओढणी, दोर, काठी जे असेल ते फेकायचं. पडलेल्याने पहिलं मिनिट फक्त श्वास सांभाळायचा, मग ज्या बाजूने आला त्या बाजूला तोंड करून पाय मारत आडवं होत बर्फावर सरकायचं आणि उभं न राहता लोळत दूर जायचं. हातपाय चालतात ते दहाएक मिनिटंच.

बाबांबद्दल थोडं सविस्तर. निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना उंचीचे आकडे दाखवून विचारा, गोळी कोणती आहे आणि डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायला घेतात ती गोळी) तिच्यासोबत चालेल का हे त्यांनीच सांगायचं. सल्फाची ॲलर्जी असेल तर तेही आधी सांगा. स्वतःच्या मनाने मुलीला डायमॉक्स देऊ नका. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर न्या, पण गार बोटावर ते काहीही आकडा दाखवतं, आधी हात चोळून गरम करा. आकड्यापेक्षा माणसाकडे लक्ष द्या. डोकं दुखतंय, भूक नाही, झोप नाही: वर जायचं नाही, थांबायचं. बसल्या जागी धाप लागतेय, खोकला थांबत नाही, किंवा टाच-बोट जुळवत सरळ रेषेत चालता येत नाही: त्याच मिनिटाला प्राणवायू लावून गाडी लेहच्या दिशेने, चांग ला बंद असेल तर तांगत्सेच्या आरोग्य केंद्रात. सिलिंडर लेहमध्ये भाड्याने मिळतो, गाडीत एक असलाच पाहिजे आणि तो कसा लावायचा हे तुम्हालाही आलं पाहिजे, फक्त ड्रायव्हरला नाही.

कपड्यांची यादी नेटवर ढिगाने मिळेल. मी दोनच गोष्टी सांगते. बूट एक माप मोठा घ्या आणि आत एकच जाड लोकरी मोजा. दोन मोजे कोंबून बूट आवळला की रक्त पोचत नाही आणि पाय आणखी गार पडतात. आणि गॉगल सगळ्यांना, ढग असले तरी. फोन आतल्या खिशात अंगाशी ठेवा, बाहेर काढल्यावर पाच-दहा मिनिटांत बंद पडतो. कॅमेरा गरम खोलीत नेण्याआधी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, नाहीतर भिंगावर आतून दव धरतं.

खाणं: तिथे पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे डाळ कुकरशिवाय शिजत नाही आणि चहा कधी मनासारखा कढत लागत नाही. थुक्पा म्हणजे नूडल्सचं सूप मागवा, गरम राहतो आणि पाणीही पोटात जातं. उंचीवर भूक मरते तेव्हा मऊ भात, तूप आणि मेतकूट यांसारखं दुसरं काही नाही, डबीभर मेतकूट घरून न्याच. लेहमध्ये एका रात्री मुलीला स्क्यू खाऊ घाला, कणकेच्या छोट्या गोळ्यांची भाजी घातलेली आमटी असते, आपल्या वरणफळांच्या जवळची. तिला नक्की आवडेल.

मराठी माणसं आवर्जून विचारतात म्हणून: पँगाँगच्या काठावर लष्कराने २६ डिसेंबर २०२४ रोजी छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण केलं, सुमारे १४,३०० फुटांवर. मराठा लाइट इन्फंट्रीचा त्यात पुढाकार होता. जरूर जा. हा सीमाभाग आहे, जवान सांगतील तिथेच थांबा आणि ठाण्यांचे, गाड्यांचे फोटो काढू नका. घोषणा द्या, पण गाडीतून उतरून धावत जाऊन देऊ नका. ‘जय भवानी’ एका दमात निघतं, ‘जय शिवाजी’ला श्वास उरत नाही आणि बाबा खाली बसतात.

रजा खरंच वाढत नसेल, पाचच दिवस असतील, तर पँगाँग सोडून द्या. पहिले दोन दिवस लेह. तिसऱ्या दिवशी सकाळी लेहमधल्या गुपुक्सच्या तळ्यावर जा. ते गोठलं की तिथे मुलं बर्फावर हॉकी खेळतात, घसरगाडीवर बसवायला मुलीला कुणीतरी नक्की घेऊन जाईल. चौथ्या दिवशी निम्मूजवळ सिंधू-झांस्कर संगम. लेहपेक्षा ती जागा खाली आहे, रस्ता मुख्य आहे, बाबांना त्रास नाही. कडाक्यात झांस्करच्या कडांना बर्फाचे थर धरतात आणि मधून हिरवं पाणी वाहत असतं, काठावरच्या उन्हात दोन तास सहज बसता येतं. पँगाँगचं पुढच्या वर्षी, सात दिवस काढून. तिकिटं काढण्याआधी बाबांचा ईसीजी करून घ्या आणि लेहमध्ये पहिल्या दोन रात्रींसाठी हॉटेल तळमजल्यावरच्या खोलीचं बघा.